सवयींची पुस्तकं आणि मराठी कादंबऱ्या: शेजारी ठेवून केलेलं वाचन

स्वयंसुधारणेचं पुस्तक मिटताना त्याला एक प्रश्न विचारावा: यातलं सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं? उत्तर एका वाक्यात सांगता आलं तर पुस्तक कामाचं. कादंबरीला हा प्रश्न चालत नाही. तिला विचारायचं ते असं, की या माणसाने सगळं नीट केलं असतं तरी त्याचं काय झालं असतं? अलीकडे वाचलेली चार सुधारणेची पुस्तकं आणि चार मराठी कादंबऱ्या या दोन प्रश्नांवर घासून पाहिल्या, तेव्हा दोन्हींची ताकद आणि तोकडेपणा स्पष्ट दिसला. सुधारणेची पुस्तकं कृती फार चांगली शिकवतात, पण भोवतालची परिस्थिती गृहीत धरतात. आपल्या कादंबऱ्या नेमकी तीच परिस्थिती उलगडून दाखवतात. म्हणून ही पुस्तकं सुटी न वाचता जोडीने वाचावीत.

जेम्स क्लिअरचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ (२०१८) या यादीतलं सगळ्यात वापरण्याजोगं पुस्तक. मांडणी चार नियमांची: सवयीची खूण डोळ्यांसमोर ठेवा, ती हवीहवीशी वाटेल असं करा, करायला सोपी करा, आणि केल्याबरोबर काहीतरी समाधान मिळू द्या. वाईट सवय मोडायची तर हेच चार नियम उलटे फिरवायचे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं हे पहिल्या आणि तिसऱ्या नियमाचं उलटं रूप. पुस्तकातलं बरंचसं शास्त्र क्लिअरचं स्वतःचं नाही आणि तो तसा दावाही करत नाही. ‘कधी, कुठे, काय करणार’ हे आधीच ठरवण्याचं तंत्र मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातलं, तर जुन्या सवयीला नवी सवय जोडण्याची कल्पना स्टॅनफर्डच्या बी. जे. फॉग यांची. क्लिअरने हे सगळं एका ओळीत नीट लावलं, हेच त्याचं मोठं काम.

सवय जोडण्याचं तंत्र वाचायला सोपं वाटतं, पण बहुतेकांचं बिघडतं तेही तिथेच. ‘जेवण झाल्यावर वाचेन’ असं ठरवलं तर ते चार दिवसही टिकत नाही, कारण ‘जेवण झाल्यावर’ असा एक ठरलेला क्षणच नसतो. ताटं उचलणं, उरलेलं झाकून ठेवणं, दूध तापवणं, उद्याच्या डब्याची भाजी निवडणं या सगळ्यात तो विरघळून जातो. त्याऐवजी ‘ओटा पुसून फडकं वाळत टाकलं की तिथेच स्टुलावर बसून दोन पानं’ असं ठरवावं. फडकं दोरीवर पडतं तो क्षण रोज येतो, एकदाच येतो आणि त्यात संदिग्धता नसते. पुस्तक मात्र आधीपासून त्या स्टुलावर हवं. ते आणायला आतल्या खोलीत गेलात की टीव्ही दिसतो. ज्यांची पाळी बदलते, म्हणजे नर्स, एसटीचे चालक-वाहक, कारखान्यातले कामगार, त्यांनी तर घड्याळाची वेळ ठरवूच नये. गणवेश खुंटीला अडकवणं, डबा धुवायला टाकणं अशी दर पाळीला होणारी कृतीच खूण म्हणून घ्यावी.

दोन मिनिटांचा नियमही असाच अर्धा वाचला जातो. नवी सवय दोन मिनिटांत उरकेल इतकी लहान करा, एवढंच लोक लक्षात ठेवतात आणि वर्षभर दोनच मिनिटं करत राहतात. क्लिअर त्यापुढे टप्पे सांगतो: आधी नुसतं हजर राहणं पक्कं करायचं, मग हळूहळू वाढवायचं. व्यवहारात दोन-तीन आठवडे विनातक्रार पार पडले की वेळ दुप्पट करावा. कंटाळा आला तर पुन्हा दोन मिनिटांवर यावं, पण सोडू नये. नोंद ठेवायची तर एका वेळी एक, फार तर दोन सवयींची. आठ रकान्यांचा तक्ता पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या लग्नसराईत रिकामा पडतो, आणि त्या रिकाम्या चौकटी बघूनच माणूस वही बंद करतो.

पुस्तकाचा कच्चा भाग म्हणजे त्यातलं सर्वात गाजलेलं गणित. रोज १ टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेर माणूस ३७ पट चांगला होतो, असं ते गणित. १.०१ चा ३६५वा घात ३७.७८ येतो हे खरं, पण कौशल्य चक्रवाढीने वाढत नाही. पेटी शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात अलंकार बसल्यासारखे वाटतात आणि मग कित्येक महिने हात तिथेच अडतो. या पठाराबद्दल क्लिअर पुढे चांगलं लिहितो, पण आलेख मात्र वर चढणाराच मनात राहतो. सवय लागायला किती दिवस लागतात, याबद्दलही एक गोष्ट पक्की माहीत असावी. २१ दिवसांची समजूत प्लॅस्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकातून पसरली आणि ते निरीक्षण होतं रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय होण्याबद्दल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांचा आलेख नीट बसला त्यांच्यात, हा काळ १८ ते २५४ दिवस निघाला. मधली संख्या ६६. जेवणासोबत पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर बसते, व्यायामाला वेळ लागतो. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. तेव्हा नव्या सवयीला किमान तीन महिने द्यावेत आणि लागोपाठ दोन दिवस चुकणार नाही एवढंच पाहावं.

याच पुस्तकात ओळखीचं प्रकरण आहे. आधी ‘मी कोण व्हायचं’ ते ठरवा, सवयी त्यामागून येतात, असं क्लिअर सांगतो. ते वाचून झालं की भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) हातात घ्यावी. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला कॉलेजात आलेला पांडुरंग सांगवीकर सुरुवातीला अगदी हेच करतो. व्यक्तिमत्त्व घडवायचं म्हणून सगळ्यात भाग घेतो, पुढाकार घेतो. वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो आणि हिशेब अंगाशी येतो. बाहेरून पाहिलं तर तो सक्रिय, हरहुन्नरी विद्यार्थी, पण आतून त्याला कशाशीच जोडलेपण नाही. पुढे धाकटी बहीण मनी जाते, तेव्हा ठरवून घेतलेली कुठलीही ओळख त्याला सावरायला पुरत नाही. ओळख ही निवड असते असं सवयीचं पुस्तक धरून चालतं. कुटुंब, गाव, बापाचा पैसा आणि मृत्यू यांच्या कात्रीत ती कशी घडते आणि कशी विरते, ते ‘कोसला’ दाखवते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा वाचावीच.

‘कोसला’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक मदत. कथानक शोधत वाचलं तर पहिली ४०-५० पानं जड जातात. वाक्यं मुद्दाम तुटक आहेत, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पुन्हा पुन्हा येतात, मध्येच बखरीच्या थाटाचा मजकूर येतो, डायरी येते. ही पानं मोठ्याने वाचावीत. पांडुरंगच्या बोलण्याची चाल कानात बसली की पुढचं आपोआप सरकतं. एका बैठकीत २५-३० पानांपेक्षा जास्त ओढू नये.

परिस्थिती अनुकूल केली की सवय लागते, हा क्लिअरचा दुसरा मोठा मुद्दा. त्याच्याशेजारी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) अक्षरशः धड्यासारखी वाचता येते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर येतो, तेव्हा शाळेत पोरंच नसतात, ती मेंढरांमागे असतात. मास्तर हुकूम सोडत नाही. आधी म्हाताऱ्या कारभाऱ्याला जिंकतो, लोकांची पत्रं लिहून देतो, त्यांची कामं करतो. मग शाळा भरू लागते, आणि पुढे गावाच्या श्रमातून तालीम उभी राहते. सवय आकर्षक आणि सोपी करणं म्हणजे काय, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे सापडणार नाही. पण माडगूळकर तिथे थांबत नाहीत. पाऊस दडी मारतो, चारा संपतो, माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात आणि वस्ती ओस पडते. मास्तरचं काहीही चुकलेलं नसतं. अपयश आलं की दोष आपल्या शिस्तीचाच, असं सुधारणेची पुस्तकं वाचून वाटू लागतं. त्यावर या कादंबरीचा शेवट फार मोलाचा आहे. ती जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांची आहे, दोन-तीन संध्याकाळींत होते, आणि कुठलंही वाक्य जास्तीचं नाही.

कॅल न्यूपोर्टचं ‘डीप वर्क’ (२०१६) मात्र मनापासून आवडूनही पूर्ण शिफारस करता येत नाही. पहिला भाग एकाग्र कामाचं महत्त्व पटवण्यात जातो. ते पटलेलं असेल तर थेट दुसऱ्या भागातल्या चार नियमांवर जावं. दिवसाची पानभर आखणी हा त्यातला सगळ्यात उपयोगी भाग. डाव्या कडेला तास लिहायचे, शेजारी कामांच्या चौकटी, कुठलीही चौकट अर्ध्या तासाहून लहान नाही. दिवस बिघडला की उजवीकडे नवी आखणी करायची. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात. सकाळी ११ ला आखणी मोडली की दिवसच गेला असं धरून चालतात, तर न्यूपोर्टच्या मते दिवसात दोन-चारदा आखणी बदलणं हेच नेहमीचं. दुसरी कामाची गोष्ट म्हणजे संध्याकाळचा समारोप: अर्धवट कामांची यादी, प्रत्येकापुढे उद्याची वेळ, आणि मग काम बंद. एक काम सोडून दुसऱ्याला लागलं तरी मन काही काळ पहिल्यातच अडकलेलं राहतं, हे सोफी लेरॉय यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. ही यादी त्यावरचाच उपाय. नवशिक्याने रोज एक तासाने सुरुवात करावी. कसलेल्यांचीही दिवसाची मर्यादा चार तासांच्या आसपास असते.

अडचण अशी की त्याची उदाहरणं बघा: १९९० पासून ई-मेल न वापरणारे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ, स्वित्झर्लंडमधल्या बोलिंगेनच्या दगडी घरात जाऊन लिहिणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग. दीड खोलीच्या घरात मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं आणि कुकरच्या शिट्ट्या सांभाळणाऱ्या बाईला यातून काय मिळतं? न्यूपोर्ट सांगतो त्या चार पद्धतींपैकी रोज ठरलेल्या वेळी थोडं काम करण्याची एकच पद्धत तिच्या उपयोगाची. ज्यांच्या नोकरीत फोन उचलणं हेच काम आहे, त्यांनी फक्त समारोपाची यादी आणि फोनशिवाय कंटाळा सहन करण्याचा सराव एवढं घ्यावं. बस येईपर्यंत फोन पिशवीतच ठेवावा, इतक्या साध्या गोष्टीपासून तो सराव सुरू होतो.

हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस यांच्या ‘इकिगाई’बद्दल थोडक्यात. या जपानी शब्दाचा अर्थ जगण्याचं कारण. जपानच्या ओकिनावातल्या ओगिमी गावच्या वृद्धांबद्दलची पानं वाचनीय आहेत: पोट ८० टक्के भरलं की थांबणं, परसात राबणं, आयुष्यभर टिकणारे मित्रांचे गट. बाकी भाग इकडच्या-तिकडच्या संकल्पनांचा धावता परिचय. आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय आणि पैसे कशाचे मिळतात, अशा प्रसिद्ध चार वर्तुळांच्या आकृतीमुळे तर गैरसमजच होतो. ती जपानी परंपरेतून आलेली नाही. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाच्या ‘उद्देश’ दाखवणाऱ्या आकृतीच्या मध्यभागी मार्क विन या ब्लॉगलेखकाने २०१४ मध्ये ‘इकिगाई’ हा शब्द घातला. जपानमध्ये सकाळचा चहा किंवा नातवंडं हीदेखील इकिगाई असू शकते, त्यातून पैसे मिळायची अट नाही. विशीतल्या मुलांना ही आकृती भरायला लावून करिअर निवडायला सांगू नये. हे पुस्तक वाचनालयातून आणून वाचावं, विकत घ्यायची गरज नाही.

मॉर्गन हाउसेलचं ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’ (२०२०) मात्र घरात असावं. २० छोटी प्रकरणं, प्रत्येक वेगळं वाचता येईल असं. चक्रवाढीबद्दलचं त्याचं उदाहरण विसरता येत नाही. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या ८४.५ अब्ज डॉलरच्या संपत्तीपैकी ८४.२ अब्ज पन्नाशीनंतर जमा झाले, म्हणजे कौशल्याइतकाच वाटा कोवळ्या वयापासून गुंतवणूक करत राहण्याचा. आपल्याकडचा हिशेब करून पाहा. महिना ५,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली गुंतवणूक), वार्षिक १२ टक्के धरले तर १० वर्षांत सुमारे ११.६ लाख होतात आणि २० वर्षांत सुमारे ५० लाख. दुसऱ्या दहा वर्षांत भर घातली तीही ६ लाखांचीच, पण रक्कम ३८ लाखांनी वाढली. मध्येच बंद करणाऱ्याचं नुकसान इथे होतं. मात्र १२ टक्क्यांची हमी कुणी देत नाही, आणि महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या ५० लाखांची आजची किंमत साधारण १५-१६ लाखच भरते. हाउसेल ‘चुकायला जागा ठेवा’ म्हणतो त्याचा अर्थ हाच: हिशेब ८ टक्क्यांनी करावा आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात असल्याशिवाय शेअर बाजारात उतरू नये.

आता सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) वाचा. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी बुलढाण्याकडच्या शेतकरी कुटुंबाची. एकनाथ शिकलेला, शिक्षक होण्याची पात्रता असलेला, पण नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलेला. या घरात दर महिन्याला शिल्लक पडत नाही. पैसा येतो तो हंगामाला, तोही पाऊस आणि भाव दोन्ही जुळले तर, आणि हातात पडण्याआधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. वडील सुभानरावांना गुप्तधनाचा नाद लागतो, तो भाग तर हाउसेलच्या लोभाच्या प्रकरणांहून कितीतरी खोल उतरतो. सरळ मार्गाने काहीच हाती लागत नाही, तेव्हा शहाणा माणूस जमीन उकरत कसा बसतो, हे देशमुख कुठलाही उपदेश न करता दाखवतात.

ही कादंबरी वाचल्यावर हाउसेलचे सल्ले शेतकरी कुटुंबासाठी वेगळ्या क्रमाने लावावे लागतात. सावकाराचं कर्ज महिना शेकडा ३ ने असेल तर वर्षाला सरळ ३६ टक्के, थकत गेलं तर ४२ टक्क्यांच्या वर. जगातली कुठलीही गुंतवणूक याला पुरी पडणार नाही, म्हणून पहिला रुपया तिथे. बँकेचं पीककर्ज ३ लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांनी पडतं. त्याची मुदत चुकू न देणं हीच मोठी बचत. माल विकल्यावर आलेली रक्कम एकरकमी बचत खात्यात पडून राहिली की लग्नकार्य, दुरुस्ती, नातेवाइकांची नड यात चार महिन्यांत संपते. त्यापेक्षा पेरणीचा खर्च बाजूला काढून उरलेल्या पैशाच्या तीन, सहा आणि नऊ महिन्यांच्या वेगवेगळ्या मुदत ठेवी कराव्यात, म्हणजे घरखर्चाला पैसा टप्प्याटप्प्याने सुटत राहतो. हे काही हाउसेलच्या पुस्तकात नाही, तो महिन्याला पगार घेणाऱ्यांसाठी लिहितो.

शेवटची ‘धग’, उद्धव शेळके यांची, १९६०ची. यादीतली सगळ्यात जड आणि सगळ्यात थोर कादंबरी. कौतिकजवळ सुधारणेच्या पुस्तकांत सांगितलेले झाडून सगळे गुण आहेत: पहाटेपासून कष्ट, काटकसर, पुढचा विचार, पडल्यावर पुन्हा उभं राहणं. नवरा महादेव शिंपी, कामाला टाळाटाळ करणारा, आणि पुढे त्याला महारोग होतो. पोरांना वाढवत ती एकटी झुंजत राहते, आणि एकेक आधार सुटत जातो. कष्टाचं फळ मिळतंच, असं इथे कोणी म्हणत नाही. तरीही कौतिकचा कुठलाच दिवस वाया गेला असं वाचताना वाटत नाही, आणि ही शेळक्यांची फार मोठी कमाई आहे. वऱ्हाडी बोलीची सवय नसलेल्यांना पहिल्या प्रकरणात अडखळायला होतं. शब्द शोधत बसू नये. ‘काहून’, ‘मले’, ‘तुले’ असे नेहमीचे दहा-वीस शब्द संदर्भाने कळले की बोली मोकळी होते.

खरेदीबद्दल दोन शब्द. सुधारणेच्या पुस्तकांचा मराठी अनुवाद घेण्याआधी दुकानात उभं राहून मधलं एखादं कृतीचं पान वाचून पाहावं. एकेक वाक्य दोनदा वाचावं लागत असेल तर ते पुस्तक वापरात येत नाही, मग इंग्रजी आवृत्ती परवडते. क्लिअर आणि हाउसेल विकत घ्यावेत, कारण त्यात खुणा करायच्या असतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा उघडायचं असतं. न्यूपोर्टचा दुसरा भाग वाचनालयातून आणून वहीत उतरवला तरी भागतं. कादंबऱ्यांपैकी सुरुवात ‘बनगरवाडी’ने करावी, मग ‘बारोमास’, मग ‘कोसला’. ‘धग’ सलग वेळ हाताशी असेल तेव्हाच उघडावी. मध्ये आठ दिवसांचा खंड पडला तर कौतिकच्या घरातलं ताणलेलं वातावरण सुटतं आणि पुन्हा मागून वाचावं लागतं.